उष्ट्या हळदीचं ताट

माझ्या खोलीत सहसा कुणी स्वतःसाठी आलं नाही. सगळे मित्रासाठी यायचे. "मॅडम, माझा एक मित्र हाय, त्याच्यासाठी इचारायचं हुतं," अशी सुरुवात झाली की मी समोरची खुर्ची पुढं सरकवायची आणि म्हणायची, "बसा. काय झालंय मित्राला?" मग मित्राचं सगळं ऐकून घ्यायचं आणि मित्राला सल्ला द्यायचा. शेवटी "मित्राची रक्ततपासणी करायला हवी" असं म्हटलं की समोरचा माणूस मुकाट्यानं स्वतःचीच बाही वर करायचा. त्या मित्रांपैकी एकही मी आयुष्यात पाहिला नाही, पण त्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत. ते नसते तर निम्म्या माणसांनी तोंडच उघडलं नसतं.

मी एचआयव्हीची समुपदेशक होते. आधी बरीच वर्षं माण भागातल्या एका सरकारी दवाखान्यात, नंतर सांगलीकडं. नोकरी कंत्राटी. दरवर्षी कंत्राट संपायचं आणि दरवर्षी नवं व्हायचं, त्यामुळं निवृत्त झाले असं म्हणतानाही जरा चाचरायला होतं. काम काय, तर रक्त तपासण्याआधी बोलायचं, तपासल्यावर बोलायचं, आणि मधल्या वेळात समोरचा खुर्चीवरून उठून पळणार नाही एवढं बघायचं. सुई टोचायचं काम तंत्रज्ञाचं, औषध द्यायचं डॉक्टरांचं. माझं हत्यार म्हणजे जीभ. माझ्या सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमच्या सूनबाईला बोलायचा पगार मिळतो. घरात ती फुकट बोलते."

आमची खोली दातांच्या खोलीला लागून होती आणि बाहेर दोघांना मिळून एकच बाकडं. माझ्याकडे आलेली माणसं त्या बाकड्यावर गाल धरून बसायची, म्हणजे ओळखीचं कुणी भेटलंच तर दाढ दुखते म्हणून सांगता यावं. एकदा असाच एक गडी गाल धरून बसलेला असताना त्याचा सासराच दाढ दाखवायला आला आणि शेजारी टेकला. जावई गाल धरून, सासराही गाल धरून. सासऱ्यानं मोठ्या मनानं "पावनं, तुमी व्हा म्होरं" म्हणत जावयाला आत ढकललं. बिचारा अर्ध्या तासानं तोंडात कापसाचा बोळा धरून माझ्या दारात आला. एक किडकी दाढ खरोखरच निघाली होती. "दाढ गेली मॅडम, पर आबरू ऱ्हायली," असं तो त्या बोळ्यातून म्हणाला. त्याची तपासणी चांगली आली, त्यामुळं त्या दिवशी एका दाढेवरच भागलं.

बाहेरच्या माणसाला सांगायचं तर आमचं शास्त्र फार मोठं नाही. एचआयव्हीचा विषाणू रक्तातून, वीर्यातून, योनीतल्या आणि गुदद्वारातल्या स्रावातून आणि आईच्या दुधातून जातो. त्यामुळं निरोधशिवायचा शरीरसंबंध, दुसऱ्याची वापरलेली सुई, न तपासलेलं रक्त, आणि उपचार न घेणाऱ्या आईकडून बाळाला, एवढ्याच त्याच्या वाटा. थुंकी, घाम, डोळ्यांतलं पाणी, संडास, टॉवेल, एका ताटातलं जेवण, हात हातात घेणं, मुका घेणं, यांतून तो जात नाही. शरीराबाहेर त्याचा दम लवकर संपतो. एवढं सांगायला पाच मिनिटं लागतात. उरलेली नोकरी मी लोकांच्या 'पण'ला उत्तर देण्यात घालवली.

डासाचं 'पण' तर प्रत्येकाचं. एक म्हातारा मेंढपाळ घोंगडीवर हात आपटून माझ्याशी भांडला होता. "आवं बाई, डास त्येचं रगत पितू आन तिथनं उडून मला चावतू. मग कसं हुईत न्हाई?" मी त्याला सांगितलं, की हा विषाणू माणसाच्याच अंगात वाढतो, डासाच्या पोटात तो जगत नाही, आणि डास आधी पिलेलं रक्त दुसऱ्याच्या अंगात ओततही नाही. म्हातारा घोंगडी सावरत म्हणाला, "म्हंजी डासाच्या पोटात त्येला चाराच न्हाई." त्यानंतर मी जिथं जिथं बोलायला गेले तिथं तिथं हेच वाक्य वापरलं. एका प्रशिक्षणात साहेबांनी त्याबद्दल माझं कौतुक केलं आणि मी ते मान खाली घालून स्वीकारलं.

दुसरा प्रश्न असायचा तो मापाचा. कशानं किती धोका? लोकांना दुकानातल्यासारखं मोजून हवं असायचं. मी सांगायची, निरोध नीट वापरला असेल तर धोका फारच कमी. तोंडानं केलेल्या संबंधात अगदी थोडा. निरोधशिवाय गुदद्वारातून केलेल्या संबंधात सगळ्यांत जास्त. "एकदाच गेलो हुतो" म्हणणाऱ्याला सांगायची, की एकदाच्यानं होईलच असं नाही आणि होणारच नाही असंही नाही. खरोखर धोका घडला असेल तर तीन दिवसांच्या आत, आणि जितकं लवकर तितकं बरं, डॉक्टरांकडे गेलात तर लागण टाळायच्या गोळ्या मिळतात, त्या महिनाभर घ्यायच्या. तो वेळ गेला असेल तर तपासणी करायची आणि तीन महिने झाल्यावर पुन्हा एकदा, म्हणजे शंका उरत नाही. कितीतरी माणसं लाजेपायी चौथ्या-पाचव्या दिवशी यायची. त्यांच्याकडे बघून जीव हळहळायचा.

शंका उरत नाही असं मी म्हणते खरं, पण शिराळ्याच्या एका गृहस्थांची उरायची. सांगलीला लॉजवर एका बाईकडे गेले होते. निरोध वापरला होता, फाटला नव्हता. तीन महिन्यांनंतरची तपासणी चांगली आली. तरी पंधरवडा झाला की हे हजर. कधी जिभेवर फोड, कधी सर्दी, कधी मोबाइलवर वाचलेलं काहीतरी. शेवटी मी विषयच बदलला. म्हटलं, "तुमच्या शिराळ्यात साप बघून घाबरलेली माणसं दवाखान्यात येत असतील ना?"

"लय येत्यात. पायाजवळनं गेला तरी चक्कर यून पडत्यात."

"मग त्यांना लस टोचतात का?"

"उगं कशाला टोचतील? आदी दात लागल्यात का बघत्यात की." एवढं बोलून ते थांबले, माझ्याकडे बघितलं आणि हसायला लागले. "व्हय ओ मॅडम. मला दातच लागला न्हाई."

त्यानंतर ते आले नाहीत. खरं तर त्यांना भीती विषाणूची कमी आणि बायकोला फसवल्याची जास्त होती. त्यावर आमच्याकडे तपासणी नव्हती.

सगळंच असं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. सुरुवातीच्या वर्षांत औषधं सगळ्यांपर्यंत पोचत नव्हती. मुंबईला कामाला गेलेली माणसं गावाकडं यायची ती भिंतीला धरून चालत. ती गेली की त्यांच्या बायकांची ताट-वाटी गोठ्यात जायची. त्या बायकांना मी सांगायची, की एकत्र जेवल्यानं काही होत नाही. त्या म्हणायच्या, "मला कशाला सांगताय? सासूला सांगा." मी सासवांनाही सांगितलं. ताटं काही घरात परत आली नाहीत. ते अजून सलतं.

मग औषधं आली, सुधारली, आता बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. ती रोज न चुकता घेतली, तर रक्तातला विषाणू इतका दबतो की तपासणीत सापडत नाही. तो संपत नाही, दबा धरून बसतो, म्हणून गोळी बंद करायची नाही. पण असा दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला जात नाही. हे पहिल्यांदा प्रशिक्षणात ऐकलं तेव्हा मी सभागृहातून उठून बाहेर गेले आणि व्हरांड्यात उभी राहून रडले. मग डोळे पुसून आत आले, कारण जेवणाची सुट्टी व्हायची होती आणि त्या दिवशी श्रीखंड होतं.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगते. माणसांची नावं बदलली आहेत, गावं सांगत नाही, आणि ज्यांची ही गोष्ट आहे त्यांनी "लिवा की, त्यात काय" म्हणून मोकळीक दिली आहे.

सागर गलाईच्या धंद्यात होता. जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं काम म्हणजे गलाई. आमच्या खानापूर, आटपाडी, माण या कोरड्या पट्ट्यातली माणसं त्या भट्ट्यांपायी देशभर पांगली आहेत. सागर दक्षिणेत होता. खोकला बरा होईना म्हणून घरी आला, क्षयरोग निघाला, आणि क्षयाच्या रुग्णाची एचआयव्ही तपासणी करतात तशी त्याचीही झाली. ती पॉझिटिव्ह आली. त्यानं मित्राचं नाव घेतलं नाही. "माझीच चूक हाय मॅडम, तिकडं एकटा हुतो," एवढंच म्हणाला. मग म्हणाला, "आईला तुमीच सांगा. मला न्हाई जमायचं."

आई हौसाबाई. वडील लहानपणीच गेलेले, एकुलता मुलगा. मी जमेल तितक्या हळुवारपणे सगळं सांगितलं. त्यांनी डोळ्याला पदर लावला नाही की कपाळावर हात मारला नाही. एकच विचारलं, "मरतंय का त्येच्यानं माझं लेकरू?"

मी म्हटलं, "गोळी चुकवली नाही तर म्हातारा होईल."

"मग झालं की." आणि सागरच्या हातातला अर्धा प्यालेला चहाचा कप घेऊन त्यांनी माझ्यादेखत संपवला. मला वाटलं, चला, एक घर तरी असं भेटलं जिथं मला दोनदा सांगावं लागणार नाही. किती चुकीचं वाटलं होतं ते पुढं कळलं.

क्षय बरा झाला, गोळ्या सुरू राहिल्या, विषाणू दबला. सागर तालुक्याच्या गावात एका सराफाकडे कामाला लागला आणि तिथंच समोर ब्लाउज शिवायचं दुकान चालवणाऱ्या वर्षावर त्याचा जीव जडला. तो माझ्याकडे आला तो तोंड पाडून. मी एकच सांगितलं, की लग्न करता येईल, सुखानं करता येईल, पण आधी तिला सांगायचं. तो तिचा हक्क आहे आणि तुझं कर्तव्य. त्यानं रसवंतीगृहात बसून तिला सांगितलं. वर्षा रसाचा भरला ग्लास तसाच ठेवून उठून गेली.

"संपलं मॅडम," सागर म्हणाला. "पर ती कवा तुमच्याकडं आलीच, तर सगळं सांगा. माझं कायबी झाकू नका."

काही दिवसांनी एक ठेंगणी मुलगी खोलीत आली. दारातूनच म्हणाली, "मी वर्षा. सागरनं पाठीवलं न्हाई, माझी मी आलीय." खुर्चीवर बसली आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. इतक्या वर्षांत कुणी माझ्याकडे असं मान वर करून विचारलं नव्हतं.

"मुका घेतल्यावर?"

"काही होत नाही."

"एका अंथरुणात झोपल्यावर?"

"नुसतं झोपल्यानं काय होणार?"

"आन नुसतं न झोपल्यावर?"

मला हसू आवरेना. मी तिला दबलेल्या विषाणूचं सगळं सांगितलं. गोळी रोज, रक्ताची मोजणी वेळेवर, तिचीही तपासणी अधूनमधून, आणि डॉक्टर सांगतील तोवर निरोध. मूल हवं असेल तेव्हा आधी डॉक्टरांशी बोलायचं. बापाचा विषाणू दबलेला आणि आईला लागण नाही, तर बाळाला ती येणार कुठून?

"आन भांडणात माझी नखं लागली त्येला तर?"

"नखं लावायचीच कशाला?"

"आवं मॅडम, संसार हाय. लागत्यात."

मी म्हटलं, नखांनीही होत नाही. तिनं उठताना पर्स काखेला लावली आणि म्हणाली, "त्येनं खोटं बोलून लगीन केलं असतं तर मला कळलं बी नसतं. खरं बोलणारा माणूस सोडायचा आन मग काय खोटं बोलणारा करायचा व्हय?" नंतर दोघं मिळून उपचार केंद्रातल्या डॉक्टरांना भेटले. तिनं वडिलांना सांगितलं. ते फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, त्यांनी मला फोन करून तासभर उलटतपासणी घेतली आणि शेवटी म्हणाले, "ठीक आहे. पोरगी सज्ञान आहे." आईला मात्र सांगितलं नाही. वर्षाचं म्हणणं, "आईच्या पोटात तीळ भिजत न्हाई. सगळ्या गावाला आमंत्रण दिल्यासारखं हुईल."

लग्नाचं बोलावणं मलाही आलं आणि मी पेचात पडले. आमच्या धंद्यात एक पथ्य असतं. दवाखान्याबाहेर आपण होऊन कुणाला ओळख द्यायची नाही. बाजारात माझी माणसं मला बघून भाजीत तोंड खुपसायची आणि मीही कोथिंबिरीचा भाव नव्यानं विचारायची. आमचे हे म्हणायचे, "एवढी वर्षं झाली, तुला या गावात एक माणूस ओळखत नाही." लग्नात मला कुणी 'तुम्ही कोण?' म्हटलं तर काय सांगायचं? वर्षानं तोड काढली. मी तिच्या शिवणक्लासच्या मॅडम झाले. मला बटण लावता येत नाही. हळदीच्या दिवशी मंगल कार्यालयात पाय ठेवला आणि पाच मिनिटांत सात-आठ बायका भोवती जमल्या. एकीचा गळा उतरत होता, एकीला बाही फुग्याची हवी होती. मी गंभीरपणे सगळ्यांना एकच सल्ला दिला, "अस्तर चांगलं घ्या." तो बराच चालला.

वराकडची मंडळी कार्यालयाच्या एका अंगाला, वधूकडची दुसऱ्या. आधी सागरला हळद लागली. गाणी झाली, चेष्टामस्करी झाली, सुवासिनींनी त्याला पार पिवळा करून सोडला. नवरदेवाला लावून उरलेली ती उष्टी हळद. ती ताटातून नवरीकडे न्यायची आणि तिला लावायची, हा आपल्याकडचा रिवाज. बायका ताट उचलणार, तेवढ्यात हौसाबाई पुढं झाल्या. "थांबा, मी नीट करून देते," म्हणत वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेल्या आणि थोड्या वेळानं वाटी ताटात ठेवून बाहेर आल्या. ताट वाजतगाजत वर्षाकडे गेलं. मीही त्या घोळक्यात होते.

वर्षाची आत्या म्हणजे वधूपक्षाचं पोलीस खातं. तिनं वाटी उचलली, उजेडात धरली, नाकाशी नेली.

"ही उष्टी न्हाई," ती म्हणाली. "ह्यात कुणाचं बोटसुदीक बुडालेलं न्हाई. तेल न्हाई, पानाचा तुकडा न्हाई. ताजी कालवून आणलीया."

वाजंत्री थांबली. कुणीतरी म्हणालं, सांडली असेल. आत्या ऐकेना. "सांडली तर तसं सांगावं. नवरदेवाची हळद नवरीला द्याची न्हाई, म्हंजी पोरगी मनात न्हाई त्येंच्या. मागनं काय न्हाई ते निघायच्या आदी आत्ताच इचारा." तिनं सरळ वराच्या बाजूला मोर्चा वळवला आणि सगळा घोळका तिच्यामागून. हौसाबाईंना समोर उभं करून तिनं विचारलं, "इहीनबाई, खरी हळद कुटं हाय?"

हौसाबाई पदराचं टोक पिळत राहिल्या. सागरचा चेहरा त्या पिवळ्या रंगाखालीसुद्धा उतरलेला दिसत होता. तो तोंड उघडणार आणि दोन गावांसमोर सगळं सांगून मोकळा होणार, हे मला स्पष्ट दिसलं. लग्न तर मोडलंच असतं, पण त्या दोघांना पुन्हा त्या तालुक्यात मान वर करून चालता आलं नसतं. आणि मला, जिला सगळं ठाऊक होतं, एक अक्षर बोलायची मुभा नव्हती. मी शिवणक्लासची मॅडम होते.

"यांना भोवळ आलीय, जरा वारा लागू दे," असं म्हणून मी हौसाबाईंचा दंड धरला आणि त्यांना स्वयंपाकघरामागच्या कोठीत नेलं. कांद्याची पोती, पत्रावळ्यांचे गठ्ठे, आणि कोपऱ्यातल्या मोरीत ओतून दिलेली पिवळीधमक हळद.

"मावशी, हे काय केलंत? तुम्हाला सगळं सांगितलं होतं ना मी? तुम्ही तर त्याचा उष्टा चहा पिता."

"माझं काय वो, पिकलं पान मी," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. "ती लोकाची लेक हाय. सकाळी त्येला दाढी करताना कापलंय. गालाला रगत आलं हुतं, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. त्येच गालाची हळद वाटीत गेली. आन तिच्या बोटांना रोज सुया टोचत्यात. तुमीच म्हनला हुता, रगतातनं जातंय."

इतका विचार माझ्या कुठल्या पोस्टरनं केला नव्हता. बाईनं माझा शब्द न् शब्द ध्यानात ठेवला होता आणि एकाला एक जोडत स्वतःला घाबरवलं होतं. स्वतःच्या जिवावर उदार झालेली ही माउली परक्याच्या पोरीला जपत होती. मला तिचा राग येत होता आणि तिला मिठी मारावीशी वाटत होती.

मी सांगितलं, जितकं थोडक्यात सांगता येईल तितकं. सकाळचं ते टिपूसभर रक्त केव्हाच वाळून गेलंय. हळदीतून, कातडीवरून कुणाला काही होत नाही, सुई टोचल्याची जागा असली तरी. आणि सागरच्या रक्तात विषाणू सापडतच नाही, एवढा दबलाय. जी पोरगी त्याच्याबरोबर संसार करणार आहे, तिला त्याच्या हळदीनं काय होणार?

"पटतंय मला," हौसाबाई म्हणाल्या. "तुमी सांगता त्ये समदं पटतंय. पर हात उचलत न्हाई बाई. काय करू?"

डोक्यात गेलेलं हातापर्यंत यायला किती वेळ लागतो, हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत. बाहेर आत्याचा आवाज चढत होता. आम्ही दोघी दारात आलो.

आणि तेवढ्यात गर्दी दुभंगली. पलीकडून वर्षा येत होती. हळदीची पिवळी साडी, कपाळाला मुंडावळ्या, पाय अनवाणी. नवरीनं आपल्या जागेवरून उठून असं वराच्या बाजूला यायचं नसतं. बायका "अगं अगं" करेपर्यंत ती सागरच्या पाटापाशी पोचली. तिनं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्या शेजारी उभ्या असलेल्या हौसाबाईंकडे. काय झालं असेल ते तिला कळलं होतं, तिच्या नजरेतच दिसलं. मग तिनं खाली वाकून सागरच्या गालावरून, नेमक्या त्याच कापलेल्या गालावरून, तळहातानं हळद पुसून घेतली आणि सगळ्या मांडवासमोर आपल्या उजव्या गालाला फासली.

"झाली का उष्टी?" ती आत्याला म्हणाली. "आता कशाला पायजे ताट?"

मग मागून कुणीतरी शिट्टी मारली आणि सगळा मांडव हसायला लागला. सुभेदार साहेब खांबाआड जाऊन नाक शिंकरू लागले. आत्याचं तोंड उघडं ते उघडंच. "लाज हाय का न्हाई गं भवाने!" ती ओरडली, पण ओरडता ओरडता तिलाही हसू फुटलं. वाजंत्रीवाल्यांनी न सांगता सूर धरला. सागर मात्र पाटावर बसून ढसाढसा रडत होता आणि बायका म्हणत होत्या, बघा बाई, नवरदेवच सासरी चाललाय जणू.

माझ्या शेजारून हौसाबाई निघाल्या. बायकांनी वाट दिली. सगळ्यांना वाटलं, आता सासू सुनेला चांगलं फैलावर घेणार. त्या सागरपुढं जाऊन उभ्या राहिल्या. उजवा हात पदराखाली होता, तो बाहेर आला. लेकाच्या त्याच गालावर, कापल्याच्या खुणेला लागून जेवढी उरली होती तेवढी हळद त्यांनी चारी बोटांनी निपटून घेतली, आणि वर्षाची हनुवटी धरून तिचा कोरा राहिलेला गाल आपल्याकडे वळवला.

"एका गालाला लावून सोडत न्हाईत गं, खुळे," त्या म्हणाल्या. "दोनी गालांना लावत्यात."